देखभाल गॅरेजातून चालकाच्या हाती

‘इलेक्ट्रिक गाडीला मेंटेनन्सच नाही’ हे वाक्य गेल्या पाच-सहा वर्षांत पुण्या-मुंबईच्या शोरूमपासून सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसले आहे. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. इंजिन ऑइल नाही, डिझेल फिल्टर नाही, क्लच प्लेट नाही, टायमिंग बेल्ट नाही, सायलेन्सर नाही; त्यामुळे गॅरेजच्या फेऱ्या आणि खर्च दोन्ही घटतात, हे निर्विवाद आहे. मात्र मेकॅनिक जी काळजी घेत असे, ती त्यामुळे संपलेली नाही. ती आता चालकाच्या उजव्या पायावर, घरच्या वायरिंगवर आणि गाडी किती चार्ज करून, कुठे, किती वेळ उभी ठेवायची या रोजच्या निर्णयांवर येऊन पडली आहे. यंत्र बदलले, पण डिझेलच्या काळात अंगवळणी पडलेल्या सवयी तशाच राहिल्या, तर ‘मेंटेनन्स नाही’ या भरवशावर घेतलेली गाडी अकाली थकते. साताऱ्याला किंवा पुण्याला गाडी नेल्याशिवाय तिची नीट तपासणी होत नाही अशा गावांत तर सवयींचे मोल आणखी वाढते. हाती असलेला पुरावाही हेच सांगतो.

सातारा जिल्ह्याला विजेवरचे वाहन नवे नाही. कोरेगावच्या उत्तरेला लागून असलेल्या फलटण तालुक्यात, निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीची जोड असलेली सायकल रिक्षा आणि पूर्णपणे विजेवर चालणारी ‘एलेक्शा’ तयार केली. या कामावरचा लेख २००२ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळुरूची ‘रेवा’ त्याच्या आदल्या वर्षी रस्त्यावर आली होती. त्या काळी प्रश्न यंत्राचाच होता, कारण शिसे-आम्लाची जड बॅटरी वजनाच्या मानाने फार थोडी ऊर्जा साठवत असे. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आणि २०२२ मध्ये टियागो ईव्ही आली, तोवर लिथियम बॅटरीने तो प्रश्न बराचसा सोडवला होता. अशा गाड्यांच्या बॅटरीला साधारण ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी मिळत आली आहे. म्हणजे २०२० साली घेतलेल्या पहिल्या गाड्यांची हमी २०२८ मध्ये संपेल. शहरात चाललेल्या गाड्या पुढे तालुक्यांच्या गावी सेकंड हँड विकल्या जातात, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. त्या दुसऱ्या मालकाच्या पदरात काय पडेल, हे पहिल्या मालकाच्या सवयींवर ठरणार आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. बॅटरीतली एकदिश वीज इन्व्हर्टरमध्ये तीन फेजच्या प्रत्यावर्ती विजेत बदलते आणि मोटार फिरवते. मोटारीचे वेगवान फिरणे एकाच गिअरचा छोटा गिअरबॉक्स कमी करतो आणि ड्राइव्ह शाफ्टमधून ते चाकांपर्यंत पोहोचते. यात दोन गोष्टी डिझेल गाडीपेक्षा मुळातून वेगळ्या आहेत. पहिली ही, की मोटार उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते आणि मध्ये धक्का सोसणारा क्लच नसतो. पायाचा प्रत्येक दणका थेट गिअरच्या दातांवर, सीव्ही जॉइंटवर आणि टायरवर येतो. दुसरी ही, की बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत न्यूट्रल केल्यावरही मोटार चाकांपासून सुटी होत नाही. न्यूट्रल म्हणजे फक्त इन्व्हर्टरने हात आखडता घेणे. मोटार चाकांबरोबर फिरतच राहते. चालवण्याच्या सवयींविषयी पुढे जे काही सांगायचे आहे, त्यातले बरेचसे या दोन गोष्टींतून निघते.

वेग आणि पिकअप यांचा विचार त्यामुळे वेगळा करावा लागतो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेल्यास हवा कापण्यासाठी दर किलोमीटरला लागणारी ऊर्जा सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. कोरेगावहून साताऱ्यापर्यंतच्या वीस-एक किलोमीटरांत हे जाणवत नाही. साताऱ्याला महामार्गाला लागून पुण्याकडे निघाले, की रेंज झपाट्याने उतरू लागते आणि दोष बॅटरीला दिला जातो. पिकअपचा मोह याहून महागात पडतो. हंगामात चिमणगावच्या जरंडेश्वर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात तेव्हा ओव्हरटेक करण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तिथे मोटारीचा तत्काळ जोर उपयोगीही पडतो. परंतु खड्ड्यावरून चाक क्षणभर उचलले जात असताना जोरात ॲक्सिलरेटर दाबला, तर मोकळे चाक गरकन फिरते. ते पुन्हा रस्त्याला टेकले की सगळा धक्का शाफ्ट आणि गिअर सोसतात. पाचट आणि चिखल पडलेल्या रस्त्यावर तीव्र रिजनरेशनही, म्हणजे पाय उचलल्यावर मोटारीने गाडी मंद करत वीज परत बॅटरीत भरणेही, धोक्याचे ठरते, कारण पाय उचलताच पुढच्या चाकांना ब्रेक लागल्यासारखे होऊन ती घसरू शकतात. अशा ठिकाणी रिजनरेशनची पातळी कमी करावी आणि पाय हळू उचलावा, म्हणजे गाडीही वाचते आणि माणूसही.

या जिल्ह्यात खरी परीक्षा घाटात होते. पुसेगावकडे वर्धनगडचा घाट, लोणंदकडे साळप्याचा, वाईहून वर पसरणीचा आणि पुण्याच्या वाटेवर खंबाटकी. माणसे आणि सामान धरून १,७०० किलोची गाडी वाईहून महाबळेश्वरला सुमारे ६०० मीटर वर चढते, तेव्हा केवळ उंची गाठायला जवळजवळ २.८ युनिट वीज लागते. ३० युनिटच्या बॅटरीचा हा अकरावा हिस्सा झाला. उतरताना त्यातला बराच भाग परत मिळवता येतो, पण डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलला सोडायची सवय इथे आड येते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ज्या अपघातांची मालिका झाली, त्यांच्या कारणांत मालवाहू गाड्या न्यूट्रलवर सोडणे हे कारण पुन्हा पुन्हा पुढे आले आहे. इलेक्ट्रिक गाडीत ती सवय धोकादायक तर आहेच, शिवाय तोट्याचीही आहे, कारण न्यूट्रलला रिजनरेशन बंद होते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. महाबळेश्वरला मुक्काम करून बॅटरी १०० टक्के भरायची आणि लगेच घाट उतरायला लागायचे, ही चूकही तशीच आहे. भरलेल्या बॅटरीत परत येणाऱ्या विजेला जागाच नसते. वरून निघताना दहा-पंधरा टक्के जागा शिल्लक ठेवणे शहाणपणाचे.

चढावरही एक सवय सोडावी लागेल. शनिवार-रविवारी पसरणीच्या घाटात रांग लागली की ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची, ही आपल्याकडच्या मुरलेल्या चालकांची खासियत मानली जाते. इलेक्ट्रिक गाडीत तेच काम ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून होते, आणि मुळीच आवाज होत नसल्याने काही बिघडतेय असे वाटत नाही. मोटार जागच्या जागी जोर लावत उभी असते तेव्हा मात्र एरवी तिन्ही फेजमध्ये आळीपाळीने वाहणारा विद्युतप्रवाह त्याच त्या तारांमधून आणि इन्व्हर्टरच्या त्याच त्या भागांतून वाहत राहतो. ते भाग तापतात आणि गाडी स्वतःला वाचवण्यासाठी जोर कमी करते. चढावर थांबल्यावर ब्रेक किंवा हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) वापरणे एवढाच यावर उपाय आहे. याच्या जोडीला एक समजही दुरुस्त करायला हवा. रिजनरेशन म्हणजे फुकटची वीज नव्हे. चाकापासून बॅटरीपर्यंत आणि पुन्हा चाकापर्यंत जाताना प्रत्येक टप्प्यावर काही ऊर्जा वाया जाते. म्हणून पुढचा रस्ता पाहून आधीच पाय उचलणारा, ब्रेकची आणि रिजनरेशनचीही गरज कमीत कमी पडू देणारा चालकच सर्वात कमी वीज वापरतो.

बॅटरीच्या आयुष्याबद्दल सर्वाधिक भीती आहे, आणि पुरावाही सर्वाधिक याच विषयावर उपलब्ध आहे. कॅनडातल्या जिओटॅब कंपनीने प्रत्यक्ष वापरातल्या गाड्यांच्या नोंदी तपासल्या. त्यात बॅटरीची सरासरी वार्षिक घट २०१९ च्या पाहणीत २.३ टक्के, तर २०२४ च्या पाहणीत १.८ टक्के आढळली. या हिशेबाने आठ वर्षांनंतरही सुमारे ८५ टक्के क्षमता उरते. अमेरिकेच्या आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने फिनिक्सच्या उन्हात चार निसान लीफ सुमारे ८० हजार किलोमीटर चालवल्या. दोन साध्या चार्जरवर आणि दोन फास्ट चार्जरवर चार्ज केल्या. चारही गाड्यांची क्षमता पाचव्या हिश्शाहून अधिक घटली, पण दोन जोड्यांतला फरक काही टक्क्यांचाच निघाला. ज्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती तिला फास्ट चार्जिंगपेक्षा उष्णतेने अधिक खाल्ले. २०२३ मध्ये रिकरंट या अमेरिकी संस्थेने साडेबारा हजारांहून अधिक टेस्ला गाड्यांची आकडेवारी पाहिली, तेव्हा बहुतेक वेळा फास्ट चार्ज होणाऱ्या आणि क्वचित होणाऱ्या गाड्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्या गाड्या बॅटरी स्वतः थंड ठेवतात, हे मात्र विसरू नये. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ९२ सेल दोन वर्षांहून अधिक काळ तपासून डिसेंबर २०२४ मध्ये ‘नेचर एनर्जी’त लिहिले, की रस्त्यावरच्या चढउतारांसारखा कमी-जास्त होणारा वापर हा प्रयोगशाळेतल्या एकसारख्या वापरापेक्षा बॅटरीचे आयुष्य ३८ टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो.

हे सगळे एकत्र ठेवले तर निष्कर्ष सरळ निघतो. साधी खासगी गाडी दिवसातला बहुतेक वेळ उभी असते, आणि बॅटरी चालण्याइतकीच उभ्या काळातही झिजते. ती झीज दोन गोष्टींनी वाढते: उष्णता आणि भरलेली स्थिती. कोरेगाव परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. १०० टक्के भरलेली गाडी तेव्हा दिवसभर उन्हात उभी करणे हा सर्वात वाईट वापर. रोज साताऱ्याला ये-जा करणाऱ्याचे ४० किलोमीटर होतात आणि त्याला सुमारे ६ युनिट वीज लागते. मग रोज १०० टक्के भरण्याचे कारणच उरत नाही. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी असेल तर रोजच्यासाठी ८० टक्के पुरेसे आहेत. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची असेल तर अधूनमधून १०० टक्के भरायला कंपन्याच सांगतात, कारण तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो आणि पूर्ण भरल्याखेरीज गाडीच्या संगणकाला चार्जचा नेमका अंदाज येत नाही. पण हे भरणे निघण्याच्या थोडे आधी संपेल असे योजावे. आठवड्यातून एकदा पूर्ण भरणे वेगळे आणि रोज भरून ठेवणे वेगळे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ती निम्मी भरून सावलीत ठेवावी.

मग प्रश्न येतो घरच्या विजेचा, आणि गावाकडे सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. १५ अँपिअरच्या प्लगवरचा चार्जर तासन्‌तास सलग जवळजवळ ३ किलोवॅटपर्यंत भार घेतो. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, चार्जर रात्रभर चालतो. म्हणून त्याला मीटरपासून वेगळी लाइन, किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच नको. अर्थिंग नीट नसेल तर बहुतेक चार्जर चालूच होत नाहीत. अशा वेळी चार्जरला फसवण्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारा वायरमन घरातल्यांच्या जिवाशी खेळतो. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, तेव्हा तिथे पाणी घालावे आणि वर्षातून एकदा मोजणी करून घ्यावी. शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करणे हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. शिवाय तिथल्या दाबातल्या चढउतारांचा त्रास वेगळा. महिन्याला गाडीचे दीडशे-पावणेदोनशे युनिट वाढले, की घरगुती बिल ३०० युनिटांच्या वरच्या टप्प्यात सहज जाते. गाडी घेण्याआधीच हा हिशेब करायला हवा.

आता प्रत्यक्ष यंत्राची देखभाल. ती थोडी आहे, पण जी आहे ती चुकवून चालत नाही. गिअरबॉक्समध्ये तेल असते आणि ते कंपनीने सांगितलेल्या मुदतीत तपासावे किंवा बदलावे लागते. मोटार, इन्व्हर्टर आणि बॅटरी थंड ठेवणाऱ्या कूलंटची पातळी कमी झाली तर बोअरचे किंवा नळाचे पाणी कधीही घालू नये. जड पाण्यातले क्षार बारीक नळ्यांत बसतात, आणि काही गाड्यांना वीज कमी वाहून नेणारे खास कूलंट लागते. रिजनरेशनमुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि पावसाळ्यात डिस्क गंजतात. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर अधूनमधून खरा ब्रेक लावून त्या साफ ठेवाव्यात. ब्रेक ऑइल मात्र ओलावा शोषत असते, म्हणून ते मुदतीत बदलावेच. सीव्ही जॉइंटचे रबरी बूट फाटले की आत चिखल शिरतो. बॅटरी फरशीखाली असल्याने उंच गतिरोधकावर किंवा शेताच्या बांधावर खालून घासली, तर गाडी वर उचलून तपासून घ्यावी. वॉशिंग सेंटरवर चार्जिंग पोर्ट आणि नारिंगी केबलवर जोराचा फवारा मारू देऊ नये. नारिंगी रंग शेकडो व्होल्टचा इशारा देतो. धान्याच्या कोठीशेजारी गाडी लावणाऱ्याने उंदरांचा बंदोबस्त करावा आणि हॉर्न-लाइटसाठी मूळ वायर कापू देऊ नये. बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला दोर लावून ओढणे हा गावाकडचा सर्वात घातक रिवाज ठरू शकतो. चाके फिरली की मोटार वीज निर्माण करू लागते आणि इन्व्हर्टर निकामी होऊ शकतो. चालवणारी चाके उचलून किंवा पूर्ण गाडी फ्लॅटबेडवर चढवूनच ती हलवावी. पुष्कळदा तर दोष मोठ्या बॅटरीत नसतोच. १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते आणि तेवढ्याने गाडी सुरू होत नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की गाडीतला संगणक सगळे सांभाळतो, मग चालकाने एवढा विचार का करायचा? संगणक धोक्याची मर्यादा ओलांडू देत नाही, हे खरे. पण मर्यादेच्या आत होणारी रोजची झीज तो थांबवत नाही. भिंतीतल्या बारीक तारेचे किंवा भरून उन्हात ठेवलेल्या गाडीचे तो काहीच करू शकत नाही. दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो: इतकी पथ्ये असतील तर डिझेल काय वाईट? इथे प्रमाण लक्षात घ्यावे. वरच्या यादीतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, आणि स्टॅनफर्डच्या निष्कर्षांवरून दिसते की सामान्य चालवण्यातल्या चढउतारांना बॅटरीने घाबरायचे कारण नाही. गाडी नाजूक नाही, फक्त तिच्या गरजा वेगळ्या आहेत. एखाद्या दिवशी १०० टक्के भरली किंवा प्रवासात दोनदा फास्ट चार्ज केली म्हणून तिचे नुकसान होत नाही. नुकसान रोजच्या सवयीने होते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चालक कितीही शहाणा झाला, तरी गावात दुरुस्तीला माणूस नसेल तर काय उपयोग? हा आक्षेप मान्यच करायला हवा, कारण उच्च दाबाच्या यंत्रणेला अप्रशिक्षित हात लागणे जिवावर बेतू शकते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष सवयी निरर्थक आहेत असा नाही. जिथे दुरुस्ती दूर असते, तिथे बिघाड टाळण्याला दुप्पट किंमत असते.

म्हणून जबाबदारी एकट्या मालकावर टाकून भागणार नाही. विक्रेत्याने गाडी ताब्यात देताना केवळ रेंजचा आकडा सांगू नये. ग्राहकाच्या बॅटरीचा प्रकार, चार्जची योग्य पातळी, ओढून नेण्याची रीत आणि घरच्या वायरिंगची तपासणी या चार गोष्टी मराठीतून लेखी द्याव्यात. ड्रायव्हिंग स्कूलने न्यूट्रल आणि हाफ क्लचच्या जागी रिजनरेशन आणि हिल होल्ड शिकवायला आजच सुरुवात करावी. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहनांच्या मेकॅनिकचा अभ्यासक्रम आता आहे. तो तालुक्याच्या ठिकाणी पोहोचला, आणि त्यासोबत गावोगावचे वायरमन अर्थिंगची मोजणी शिकले, तर आज डिझेल पंपाच्या दुरुस्तीवर हात बसलेल्या मुलांना पुढच्या दहा वर्षांचे काम मिळेल. मालकाने आपल्या बाजूने एक वही ठेवावी: चार्ज किती केले, तेल आणि कूलंट कधी तपासले, खालून कधी घासली. २०२८ नंतर सेकंड हँड गाड्यांचा बाजार भरात येईल, तेव्हा गाडीच्या चकाकीपेक्षा ही वही अधिक बोलेल आणि सवयी जपणाऱ्याला भावही तीच मिळवून देईल. इलेक्ट्रिक गाडी आपला पैसा वाचवते, हे खरे करून दाखवण्याचे काम आता मेकॅनिककडून आपल्याकडे आले आहे, आणि ते शिकून घ्यायला अवघड नाही.